ट्रकचा अर्धा किलोमीटर

सप्टेंबर २०२५ मध्ये ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने मोटारींच्या इंधनवापराच्या नव्या निकषांचा, म्हणजे ‘कॅफे-३’चा मसुदा काढला आणि ९०९ किलो हा आकडा एकदम सगळ्यांच्या तोंडी झाला. वजन ९०९ किलोच्या आत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत आणि लांबी चार मीटरच्या आत, अशा मोटारींना थोडी सवलत द्यावी, असं त्या मसुद्यात होतं. मारुती सुझुकीला ही सवलत हवी होती; टाटा आणि महिंद्राचा तिला विरोध होता. मग चर्चेला ठरलेलं वळण लागलं. मध्यमवर्गाची पहिली मोटार विरुद्ध पैसेवाल्यांची एसयूव्ही. जणू देशाचं तेलाचं बिल आपण कोणती हॅचबॅक घेतो यावरच ठरतं! या सगळ्या गदारोळात ट्रक कुठे होते? आणि सरकार स्वतःच्या वापरासाठी ज्या गाड्या दरवर्षी घेतं, त्या कुठे होत्या?

इंधनबचतीचा कायदा खरोखर तेल वाचवण्यासाठी असेल, तर आधी ट्रकचे निकष कडक करा आणि सरकारी गाड्यांना ते सगळ्यांच्या आधी लागू करा, असं माझं म्हणणं आहे. मोटारींचं काय ते नंतर भांडत बसू. ही भूमिका ट्रकवाल्यांच्या विरोधात वाटेल. ती त्यांच्याच बाजूची आहे, पण त्याआधी थोडं गणित करावं लागेल, कारण या विषयात आपल्याला फसवतं ते गणितच.

एक मोटार लिटरला १८ किलोमीटर जाते. तिच्या जागी २५ जाणारी आली, तर आपण खूश होतो. सात किलोमीटरचा फरक! दुसरीकडे माल भरलेला एक मोठा ट्रक साडेतीन किलोमीटर जातो, त्याच्या जागी चार जाणारा आला. अर्धा किलोमीटर, त्यात काय मोठंसं? आता उलट बाजूने मोजा. शंभर किलोमीटरला त्या मोटारीचं दीड लिटर वाचलं आणि ट्रकचं साडेतीन लिटरहून जास्त. शिवाय मोटार वर्षाला दहा हजार किलोमीटर फिरते असं धरलं, तर लांब पल्ल्याचा ट्रक सहज ऐंशी हजार फिरतो. वर्षाअखेरीस मोटारीने दीडशे लिटर वाचवलेले असतात, ट्रकने अठ्ठावीसशे. त्या अर्ध्या किलोमीटरमागे अठराएक मोटारींची बचत दडलेली आहे. नीती आयोगाने २०२२ च्या अहवालात मांडलेलं चित्रही हेच सांगतं: देशातल्या वाहनांत ट्रक जेमतेम तीन टक्के, पण रस्ते वाहतुकीतल्या कार्बन उत्सर्जनाचा सुमारे एक तृतीयांश वाटा त्यांचा. २०२३-२४ मध्ये देशात नऊ कोटी टनांच्या आसपास डिझेल खपलं, पेट्रोल चार कोटी टनांहून कमी. आणि आपलं ८५ टक्क्यांहून अधिक कच्चं तेल बाहेरून येतं. एवढं समोर असताना टीव्हीवर तासभर चर्चा हॅचबॅकची होते.

ट्रकला निकषच नाहीत, असं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने बारा टनांवरच्या डिझेल वाहनांसाठी इंधनवापराची मानकं अधिसूचित केली. पहिला टप्पा एप्रिल २०१८ पासून, दुसरा एप्रिल २०२१ पासून लागू व्हायचा होता. दोन्ही तारखा आल्या आणि गेल्या. रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२२ मध्ये नियमात दुरुस्ती केली, तेव्हा कुठे एप्रिल २०२३ पासून त्यांचा अंमल सुरू झाला. मोटारींच्या बाबतीत दंड किती, कोणावर, कधीपासून, यावर कंपन्या आणि सरकार यांच्यात जाहीर वाद तरी होतात. ट्रकच्या मानकांना पाच वर्षं उशीर झाला याची बातमीसुद्धा झाली नाही.

आणि मोजमाप कसं? ट्रक ताशी ४० आणि ६० किलोमीटर अशा स्थिर वेगाने चालवायचा आणि किती डिझेल लागलं ते बघायचं. ना चढ, ना ब्रेक, ना सिग्नल. कसारा घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगणारा ट्रक किंवा न्हावा शेवाच्या वाटेवर तासभर इंजिन चालू ठेवून उभा असलेला ट्रेलर या चाचणीत कुठेच बसत नाही. चाचणी सोपी असावी हे समजू शकतं. पण मालाच्या प्रत्येक टनामागे, प्रत्यक्ष रस्त्यासारख्या चढउतारांवर किती इंधन लागतं हे मोजण्याचं शास्त्र आता नवीन राहिलेलं नाही. युरोप इंजिन, टायर, गिअरबॉक्स, हवेचा अवरोध यांची मोजमापं संगणकाला देऊन प्रत्येक ट्रकचा आकडा काढतो. आपल्याकडे पुण्यात, कोथरूडच्या टेकडीवर, वाहनांच्या चाचण्या करणारी एआरएआय ही संस्था १९६६ पासून आहे. तिथल्या अभियंत्यांना हे जमणार नाही, असं कोणी म्हणेल का?

आता विरोधातले मुद्दे. सगळ्यात दमदार मुद्दा असा की, ट्रकला सरकारी निकष हवेतच कशाला? मोटार घेणारा रंग बघतो, सनरूफ बघतो. ट्रक घेणारा पहिला प्रश्न विचारतो तो अॅव्हरेजचा. त्याच्या खर्चात डिझेलचाच वाटा सगळ्यात मोठा. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो स्वतःच काटेकोर असतो, मग बाबूने त्याला काय शिकवायचं? या युक्तिवादात तथ्य आहे. मालकाला बचतीची किंमत कळत नाही, असं मानणं हा शहरी अडाणीपणा आहे.

पण किंमत कळणं वेगळं आणि खरेदीच्या वेळी खरा आकडा हातात असणं वेगळं. ट्रक घेताना मालकाला विश्वासाचा आकडा कोण देतं? विक्रेता एक सांगतो, ओळखीचा मालक दुसरं, ढाब्यावरचा चालक तिसरंच. गाडी ताब्यात येऊन दोन-चार खेपा झाल्याशिवाय खरं काय ते कळत नाही आणि तोवर हप्ता सुरू झालेला असतो. शिवाय आपल्याकडे कित्येक ट्रक नुसत्या चासीवर विकले जातात. बॉडी गावच्या कारखान्यात बांधली जाते. ती किती जड, किती उंच, वारा किती अडवते, यावर डिझेल ठरतं, आणि कंपनीच्या कागदावर त्याचा पत्ता नसतो. नवा ट्रक घेणारा बहुधा मोठा वाहतूकदार असतो. तो काही वर्षांनी ट्रक विकतो, आणि मग एक-दोन गाड्यांचा मालक तो घेतो. म्हणजे कोणता ट्रक घ्यायचा हे ठरवलं एकाने, आणि पुढची दहा-बारा वर्षं त्याचं डिझेल भरायचं दुसऱ्याने. ही दरी बाजार आपणहून कशी भरून काढेल? २०१० पासून फ्रॉस्ट-फ्री फ्रिज आणि एसीवर तारांकित लेबल सक्तीचं झालं. त्याआधी वीजबिल भरणारे आपणच होतो, तरी दुकानात उभं राहून फ्रिज किती वीज खातो हे किती जणांनी विचारलं होतं? लेबल आलं, सगळ्यात वाईट माल बाजारातून उठला आणि गिऱ्हाईक आपोआप शहाणं झालं.

खरेदीच्या वेळी न झालेली ही बचत शेवटी कोणाकडून वसूल होते, ते मात्र पाहण्यासारखं आहे. पुष्कळ मालक खेपेमागे डिझेल ठरवून देतात. वाचलं तर चालकाचं, जास्त लागलं तर त्याच्या पगारातून. मग चालक त्याच्या हातात असतं ते करतो. सातारा-मुंबई रस्त्यावर नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांबलचक उतार लागतो. तिथे ट्रक न्यूट्रलमध्ये सोडले जातात, हे पुण्यात पोलिसांपासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गिअर काढला की इंजिनाचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि पकड सुटते. त्या पुलाजवळ वर्षानुवर्षं होणाऱ्या अपघातांमागचं हे एक कारण. यातली विचित्र गोष्ट अशी की, हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर इंधन पुरवठा जवळपास बंदच होतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतं. म्हणजे तीव्र उतारावर जीव धोक्यात घालून काहीही वाचत नाही. पण ज्याला प्रत्येक लिटरचा जाब द्यायचा आहे, त्याला हे कोणी समजावून सांगितलंय? चांगलं इंजिन, रोध कमी असलेले टायर, हवेला वाट देणारी केबिन यांतून जे वाचायला हवं, ते आपण तुटपुंज्या पगारासाठी गाडी हाकणाऱ्या माणसाकडून मागतो आहोत. ‘इंधन वाचवा’च्या जाहिराती त्यालाच उद्देशून असतात, कंपनीला नाही.

दुसरा मुद्दा किमतीचा, आणि तो भावनिक आहे म्हणून खोटा ठरत नाही. ट्रक महागले की भाडं वाढेल, भाडं वाढलं की भाजी महागेल. एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज-६ आलं तेव्हा ट्रकच्या किमती खरंच वाढल्या आणि लहान मालकांनी जुन्याच गाड्या आणखी काही वर्षं रेटल्या. (भारत स्टेज धुरातल्या विषांविषयी आहे, इंधन किती लागतं याच्याशी त्याचा थेट संबंध नाही, चर्चेत या दोन गोष्टींची इतकी सरमिसळ होते की एकदा सांगून टाकलेलं बरं.) भारत स्टेज-६ ने हवा सुधारली, पण मालकाला डिझेलच्या पंपावर काही परत मिळालं नाही. इंधनाचे निकष इथेच वेगळे पडतात, कारण खर्च करणाऱ्याच्याच खिशात बचत परत येते.

समजा, निकषांमुळे ट्रक दोन लाखांनी महागला. हा आकडा मी मुद्दाम वरचा धरतो आहे. वर्षाला ऐंशी हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं साडेतीनऐवजी चार किलोमीटरच्या हिशेबाने जे अठ्ठावीसशे लिटर वाचतं, ते नव्वद रुपये दराने अडीच लाख होतं. पन्नास हजारच चालणाऱ्या लहान मालकाचंही दीड लाखाच्या वर वाचतं. आणि कांद्याचं म्हणाल, तर लासलगावहून दिल्ली साधारण साडेबाराशे किलोमीटर. ते दोन लाख पाच वर्षांच्या, म्हणजे चार लाख किलोमीटरच्या धावेवर वाटले, तर किलोमीटरला पन्नास पैसे पडतात. पंचवीस टन माल धरला तर किलोभर कांद्यामागे अडीच पैसे. परतीचं भाडं मिळालंच नाही असं धरून दुप्पट करा, व्याज घाला, तरी दहा पैशांच्या आत. आणि डिझेलची बचत याच्या कितीतरी पट. कांद्याचे भाव निर्यातबंदीने, पावसाने आणि साठेबाजीने हलतात. ट्रकच्या इंजिनाला त्यात ओढणं हा निव्वळ कांगावा आहे.

तरीही इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करायला हवी. बचत हळूहळू येते, हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून जातो. आणि लहान मालकाला ज्या दराने कर्ज मिळतं, तो दर मोठ्या वाहतूकदाराला स्वप्नातही द्यावा लागत नाही. म्हणून निकष कडक करणाऱ्या सरकारने एक-दोन गाड्यांच्या मालकांच्या व्याजाचा भार उचलला नाही, तर हा कायदा मोठ्यांच्या सोयीचा ठरेल. हा आक्षेप मला निकषांविरुद्धचा वाटत नाही, अर्धवट निकषांविरुद्धचा वाटतो.

तिसरा आक्षेप अलीकडे फॅशनेबल झाला आहे: आता सगळं विजेवरच जाणार, मग डिझेलच्या इंजिनाला कशाला घासूनपुसून लख्ख करता? पीएम ई-ड्राइव्ह योजनेत जुलै २०२५ मध्ये विजेच्या ट्रकसाठी अनुदान जाहीर झालं, एका ट्रकला ९.६ लाखांपर्यंत. किती ट्रकना? सुमारे ५,६००. देशात २०२४-२५ मध्ये व्यापारी वाहनांची विक्री साडेनऊ लाखांच्या घरात होती. आज विकला गेलेला डिझेल ट्रक पंधरा वर्षं तरी हिंडणार, हात बदलत २०४० पाहणार. विजेच्या ट्रकची वाट बघत आजचा ट्रक जसाच्या तसा विकू देणं, याचा अर्थ त्या पंधरा वर्षांच्या डिझेलवर आत्ताच सही करून देणं.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७५ मध्ये मोटारींच्या इंधनवापराचा कायदा केला. मोटारींना कडक निकष लावले आणि ‘हलके ट्रक’ म्हणून एक वेगळा, सैल वर्ग ठेवला. शेतकरी आणि कारागीर यांच्या पिकअपसाठी, असं कारण देऊन. कंपन्यांनी काय केलं? कुटुंबाची मोटारच ट्रकच्या व्याख्येत बसवली. एसयूव्ही त्याच फटीतून वाढल्या आणि आज तिथे नव्या विक्रीत बहुसंख्य गाड्या कागदोपत्री हलके ट्रक आहेत. खऱ्या अवजड ट्रकना तर अमेरिकेने २०११ पर्यंत हात लावला नाही. जपानने ते काम कितीतरी आधी केलं होतं. २०२५ मध्ये अमेरिकेने मोटारींच्या निकषांचा दंडच शून्यावर आणला. नियम जागेवर आहे, फक्त तो मोडायला काही पडत नाही! ९०९ किलोच्या रेघेवर हमरीतुमरीवर येणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा इतिहास जरा वाचावा. सवलतीची रेघ जिथे ओढाल, तिथे पुढची गाडी येऊन उभी राहते.

आता सरकारी गाड्या. यावरचा आक्षेप ऐकायला बिनतोड वाटतो: देशातल्या एकूण वाहनांत त्या असून किती? तहसीलदाराची बोलेरो, पोलिसांची व्हॅन, महापालिकेचा कचऱ्याचा कॉम्पॅक्टर यांनी लिटरला किलोमीटरभर जास्त दिलं म्हणून तेलाची आयात थोडीच घटणार? आयात फारशी घटणार नाही, खरं आहे. पण सरकार मोठं आणि ठरावीक गिऱ्हाईक आहे, आणि अशा गिऱ्हाइकाच्या मागणीने बाजार कसा हलतो, याचे दोन्ही दाखले आपल्याकडे आहेत. एलईडी दिवा २०१४ मध्ये सरकारी घाऊक खरेदीत ३१० रुपयांना पडत होता. एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस या सरकारी कंपनीने एकगठ्ठा निविदा काढल्या आणि दोन-अडीच वर्षांत तो ३८ रुपयांवर आला. मग तो खाजगी दुकानातही स्वस्त झाला. उलट दाखला अँबेसिडरचा. पन्नासच्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली ती मोटार २०१४ पर्यंत निघत राहिली. शेवटची कित्येक वर्षं तिला तगवलं ते टॅक्सीवाल्यांनी आणि सरकारी दौऱ्यांनी. सरकार वाईट माल घेत राहिलं, म्हणून वाईट माल निघत राहिला.

सरकारला वाईट गाडी का परवडते? कारण गाडी एका लेखाशीर्षातून घेतली जाते आणि पेट्रोल, तेल, वंगण दुसऱ्यातून. निविदेत सगळ्यात कमी दराची बोली जिंकते. पुढची दहा वर्षं ती गाडी किती डिझेल पिणार, हे त्या दरात नसतं. चालक लॉगबुक भरतो, साहेब सही करतो, आणि गाडी किती किलोमीटर देते याचा हिशेब त्या वहीतच राहतो. एसटीच्या आगारात चालकाला डिझेलचा जाब विचारतात. बस निवडणाऱ्याला कोण विचारतं? सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिकारी आणि मंत्र्यांच्या गाड्यांच्या मर्यादा नव्याने ठरवल्या. मंत्र्यांना ३० लाखांपर्यंत, राज्यपाल आणि मुख्यमंत्र्यांना मर्यादाच नाही. विजेच्या गाडीला २० टक्के जास्त किंमत चालेल, ही त्यातली चांगली गोष्ट. पण मर्यादा घातली ती किमतीला. हुद्द्याप्रमाणे किंमत ठरवणारं सरकार हुद्द्याप्रमाणे डिझेल का ठरवू शकत नाही?

‘सगळ्या सरकारी गाड्या विजेच्या करा’ हे सोपं उत्तर पुरेसं नाही. त्याच एलईडीवाल्या सरकारी कंपनीने २०१७ मध्ये १०,००० विजेच्या मोटारींची निविदा गाजावाजाने काढली. एका चार्जिंगमध्ये गाडी पुरेशी जात नाही, चार्जर कुठे लावायचे, अशा तक्रारींत प्रत्यक्ष आलेल्या गाड्या फारच थोड्या राहिल्या. अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या खरेदीत पर्यायी इंधनाच्या गाड्यांचा वाटा ठरवून दिला. खात्यांनी इथेनॉलवरही चालणाऱ्या गाड्या घेतल्या आणि त्यांत बहुतेक वेळा पेट्रोलच भरलं. लक्ष्य गाडीच्या जातीचं ठेवलं, की जात दाखवली जाते. लक्ष्य जाळलेल्या लिटरचं हवं. घाटातल्या रुग्णवाहिकेला आणि गडचिरोलीतल्या पोलीस गाडीला वेगळी मोजपट्टी लागेल, तीही द्या. पण मोजपट्टी हवी, आणि तिचे आकडे दरवर्षी खातेनिहाय छापले जावेत.

ट्रकचे निकष केंद्राच्या हातात आहेत. त्यासाठी दिल्लीकडे बघावं लागेल, चाचणी बदलायला वेळ लागेल, कंपन्यांशी घासाघीस होईल. राज्याच्या स्वतःच्या गाड्यांचं तसं नाही. वाहनखरेदीचा पुढचा शासन निर्णय निघेल तेव्हा किमतीच्या रकान्याशेजारी ‘शंभर किलोमीटरला लिटर’ असा आणखी एक रकाना आखायला केंद्राची परवानगी लागत नाही, मसुद्यावर हरकती मागवाव्या लागत नाहीत, आणि ९०९ किलोचा प्रश्न आधी सुटावा लागत नाही.